येळवशीची रजा

माझी रजा नामंजूर झाली तेव्हा माझा ताजेपणा सत्त्याण्णव होता.

हा आकडा कपाळावरच्या पट्टीतून निघतो, मोबाईलवर दिसतो आणि तिथून थेट ऑफिसच्या रजेच्या यंत्रणेत जातो. अर्जात मी लिहिलं होतं, ‘वेळा अमावस्या, एक दिवस.’ तीन सेकंदांत उत्तर आलं. ‘आपण थकलेल्या नाही. विश्रांतीची गरज आढळली नाही. आपला दिवस उत्साहाचा जावो.’

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर बंद असतं. बंद कुणी पुकारत नाही, शहरात माणूसच उरत नाही. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, ज्याचं नाही त्याला चार घरची आमंत्रणं असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभारायची, शेताची पूजा करायची आणि मग संध्याकाळपर्यंत खात, बोलत, लोळत बसायचं. आमचं शेत औशाजवळ आहे. सासूबाई तिथंच राहतात. त्यांचा फोन आला होता, “यंदा तरी या गं माय. लेकरानं अजून कोप बगितली न्हाई.” गेल्या वर्षी गार्गी चार महिन्यांची होती आणि थंडी फार, म्हणून मी नेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर अर्ज मी सासूबाईंचा शब्द मोडू नये एवढ्यासाठीच टाकला होता. नामंजूर झाला, मला काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

मी पीक-निरीक्षक आहे. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही साठ जण बसतो. मराठवाड्यातल्या हजारो शेतांवर ड्रोन फिरतात, त्यांची चित्रं आमच्या पडद्यांवर येतात. तुरीवर अळी, हरभऱ्यावर मर, ज्वारीत रानडुकरं, जे दिसेल त्यावर खूण करायची. शेतकऱ्याला निरोप जातो. मी दिवसाला नऊशे शेतं बघायचे. शेतात पाय ठेवून मात्र दोन वर्षं झाली होती.

नऊशे शेतं बघता यायची ती ‘निवळ’ नावाच्या त्या पट्टीमुळे. तिचं विज्ञान सोपं आहे. मेंदू काम करतो तेव्हा त्याच्या पेशींभोवती टाकाऊ द्रव्यं साचत जातात. गाढ झोपेत मेंदूभोवतीचा द्रव लाटेसारखा आत-बाहेर होतो आणि तो गाळ धुऊन नेतो. नीट झोप झाल्यावर सकाळी डोकं हलकं वाटतं ते या धुण्यामुळे. निवळ पट्टी तीच लाट जागेपणी उठवते. कपाळावरून आणि कानशिलांवरून ती अगदी बारीक ध्वनिस्पंदनं आत सोडते. दिवसातून तीनदा बारा-बारा मिनिटं डोळे मिटून बसायचं, बाकी वेळ पट्टी आपली कपाळावर असू द्यायची. चार तास झोप पुरते.

मी ती हौसेनं लावली नाही. गार्गी पाच महिन्यांची होती, मी सलग दीड तासापेक्षा जास्त कधी झोपले त्याची आठवण उरली नव्हती, आणि तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी तासातासाला उठत होते. त्याच महिन्यात ऑफिसनं सगळ्यांना पट्ट्या वाटल्या. पहिल्या दिवशी बारा मिनिटांनी मी डोळे उघडले तेव्हा मला रडू आलं होतं, इतकं बरं वाटलं. ते माझं बऱ्याच महिन्यांतलं शेवटचं रडणं.

आता गार्गीबद्दल. मी तिची वही ठेवते. कधी पालथी पडली, कधी बसली, किती दूध, किती शी, ताप किती. सोमेश, माझा नवरा, त्या वहीला ‘पोलीस डायरी’ म्हणतो. सोळाव्या महिन्यात मी वही घेऊन बालविकासाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉ. हणमंते. त्यांनी वही चाळली, कानांची तपासणी बघितली, ती ठीक होती. मग विचारलं, “बोट दाखवते का?”

“हवं असेल ते ओढून घेते.”

“हवं असलेलं नाही म्हणत मी. कावळा दिसला, दिवा दिसला, तुम्हाला दाखवावासा वाटला, म्हणून बोट. आणि दाखवून मग तुमच्याकडे बघणं, की आईनं बघितलं का.”

वहीत सगळं होतं, हे नव्हतं.

“हाक मारल्यावर वळते?”

“कधी कधी.”

डॉक्टर गार्गीला खेळणं देत, काढून घेत, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आणखी चार आठवडे बघू. येळवस झाली की दुसऱ्या दिवशी या. येळवशीला येऊ नका, मी मामांच्या शेतात असतो. तोवर बोट दिसलं नाही तर हैदराबादला सविस्तर तपासून घेऊ. घाबरू नका.”

डॉक्टर ‘घाबरू नका’ म्हणाले की मी एरवी घाबरून अर्धी होते. त्या दिवशी मी फक्त तारीख लिहून घेतली. मग घरी येऊन रोज चाळीस मिनिटांचा तक्ता केला : चित्रांची कार्डं, खुळखुळा, दिवा लावणं, दिवा बंद करणं. एक दिवस चुकवला नाही. गार्गी कार्डाकडे बघायची, मग भिंतीकडे. माझ्याकडे नाही.

रजा नामंजूर झाली त्या दिवशी मी शेजारी बसणाऱ्या निलोफरकडे खुर्ची वळवली. निलोफर शेख. बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो, एका डब्यात जेवायचो.

“नामंजूर. म्हणे थकलेली नाहीस.”

“माझा अठ्ठ्याण्णव आहे,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “माझा तर अर्जच उघडत नाही.”

“जमलं तर तू तरी ये शेतात. दरवर्षी येतेस. यंदा अब्बूंनापण आण.”

“इम्रानला विचारावं लागेल.”

“इम्रान कोण?”

आता तिनं मान वळवली. “माझा नवरा.”

“तुझं लग्न ठरलं?”

“झालं. ऑक्टोबरमध्ये. पत्रिका दिली की तुला. तू ‘छान’ म्हणालीस आणि कीबोर्डखाली ठेवलीस.”

मी कीबोर्ड उचलला. पत्रिका तिथंच होती. तिच्यावर माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग होता.

“मी आले नाही लग्नाला?”

“नाही.”

“मग तू भांडली का नाहीस माझ्याशी?”

निलोफरनं खरंच विचार केला. परीक्षेत अवघड प्रश्नावर करायची तसा, खालचा ओठ दातात धरून. “सुचलंच नाही बघ,” ती म्हणाली. “आता तू विचारलंस म्हणून. वाईट वाटायला हवं होतं ना मला?”

आम्ही दोघी एकमेकींपासून चार फुटांवर बसतो.

त्या दुपारी बारा मिनिटांना मी डोळे मिटले नाहीत. पट्टीच्या ॲपमध्ये शिरले. मी सगळ्याच गोष्टींची माहितीपत्रकं वाचते. हे एक वाचलं नव्हतं. आत खोल एक आलेख होता. नाव ‘गळती’. खाली बारीक अक्षरांत, ‘मेंदूचा निष्फळ वापर’. पहिल्या महिन्यात माझी गळती एकतीस टक्के होती. मग अठरा, मग सहा. गेले सहा महिने शून्य. शून्याच्या शेजारी एक फूल उमलत होतं आणि लिहिलं होतं, ‘अभिनंदन.’

मला एम.एस्सी.च्या लोहारे मॅडम आठवल्या. त्या सांगायच्या, आपण काही करत नसतो तेव्हा मेंदू बंद नसतो. उलट त्याच्या मधल्या भागातलं एक अख्खं जाळं चालू होतं. भांडी घासताना, बसची वाट बघताना, जेवणानंतर लवंडल्यावर. आणि त्या जाळ्यात मुख्यत्वे काय चालतं? माणसं. ती असं का म्हणाली, मी काय म्हणायला हवं होतं, त्याला कळलं असेल का, आई आत्ता काय करत असेल. रिकाम्या वेळात मेंदू माणसांची तालीम करतो. मग माणूस समोर आल्यावर त्याच्या मनातलं आपल्याला चटकन कळतं, ते त्या तालमीमुळे.

आलेखाच्या तळटीपेत लिहिलं होतं, या जाळ्याच्या लयीनं धुण्याची लाट मंदावते. म्हणून पट्टी ती लय दाबून टाकत होती. बनवणाऱ्यांना ती गळती वाटली. गाळाबरोबर माझ्या डोक्यातली माणसंही रोज तीन वेळा स्वच्छ धुतली जात होती.

मी त्या आलेखाशेजारी गार्गीची वही उघडली. तिच्याकडे मी सतत बघत होते. तिच्याबरोबर मात्र बघत नव्हते. तिच्या डोक्यात आत्ता काय असेल, हा प्रश्न वहीत सहा महिन्यांत एकदाही आलेला नव्हता.

एका लेकरावरून विज्ञान होत नाही, हे मला कळतं. गार्गीच्या बोटाचं कारण पट्टीच, असं मी तेव्हा म्हणू शकत नव्हते आणि आजही म्हणणार नाही. पण तीन आठवडे हातात होते. मी पट्टी काढून पर्समध्ये टाकली.

पुढचे चार दिवस वाईट गेले. पहिल्या दुपारी घरी आले आणि चपला काढता काढता तिथंच भिंतीला टेकून झोपले. सोमेशनं उचलून आत नेलं म्हणे. सलग अकरा तास झोपले. ऑफिसात जांभया, डोकं जड, नऊशेच्या जागी सहाशे शेतं. चौथ्या दिवशी तांदूळ धूत होते आणि एकदम निलोफरच्या अम्मी डोळ्यांपुढे आल्या. लग्नात त्यांनी मला शोधलं असेल. पूर्वा कुठाय, म्हणून विचारलं असेल. मी ओट्याला धरून रडले. मग ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून सोमेशशी पाऊण तास भांडले.

तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “आली परत.”

“म्हणजे?”

“वर्षभर तू भांडलीच नाहीस. मला वाटलं समजूतदार झालीस.”

“मग सांगायचं नाही का?”

“चांगलं चाललंय त्यात कशाला बोला, म्हटलं,” तो म्हणाला आणि टॉवेल उचलून पळाला.

बाराव्या दिवशी माझ्यात तक्ता करायचं त्राण नव्हतं. मी जमिनीवर नुसती पडले होते. गार्गी रांगत आली, माझ्या पोटावर डोकं ठेवून आडवी झाली. पंखा बंद होता. मी त्याच्याकडे बघत होते, तीपण बघायला लागली. मग तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत पंख्याकडे. एकदाच. बोट नव्हतं. मी हललेसुद्धा नाही, न जाणो मोडेल काहीतरी. वहीत तेवढी एकच ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून गद्रे सरांचा व्हिडिओ कॉल आला. मंदार गद्रे, आमच्या केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नाही. त्यांच्या कपाळावरही पट्टी होती.

“पूर्वाताई, पट्टीकडून काही येत नाही, आणि कामाच्या वेगावरून यंत्रणा तुमचा ताजेपणा अडतीस धरतेय. पट्टी बिघडली का? बदलून पाठवतो.”

“काढलीय सर. मुलीसाठी.”

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. “बरं, अमावस्येपर्यंत लावा. त्या दिवशी दिल्लीचे पाहुणे येताहेत. राखणीचं प्रात्यक्षिक आहे. शेतं मोकळी असतात, एक माणूस शिरला तरी पडद्यावर लाल दिवा लागेल. साठच्या साठ जण हवेत.”

“सर, त्या दिवशी शेतात माणसं असतात.”

“किती?”

“सगळी.”

ते हसले. “अहो, गेल्या तीन वर्षांची नोंद आहे माझ्याकडे. त्या तारखेला एकही हालचाल नाही. म्हणून तर तो दिवस निवडला.”

“हालचाल नाही, कारण केंद्रच बंद असायचं. आम्ही सगळे शेतात असायचो. ड्रोन उडालेच नाहीत.”

त्यांनी नोंद पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाले, “तारीख जाहीर करून महिना झाला. तुम्ही साठ जण लातूरचे. एकही बोललं नाही.”

ते खरं होतं. साठ माणसं, सगळ्यांना येळवस पाठ, पण पुण्याच्या माणसाला ती माहीत नसेल हा विचार एकाच्याही मनात आला नव्हता. माझ्यासुद्धा. दुसऱ्याच्या डोक्यात काय असेल, याचा विचार करायचा वेळ आम्ही बारा-बारा मिनिटांत धुऊन टाकला होता.

“तुम्ही फार थकलेल्या आहात,” सर समजुतीनं म्हणाले. “अडतीसवर रजा आपोआप मंजूर होते. विश्रांती-कक्षात दोन दिवस पट्टी लावून पडून राहा.”

“मला कक्षात नको सर. शेतात हवी.”

“त्याला रजा म्हणत नाहीत, गैरहजेरी म्हणतात. आणि त्या दिवशी गैरहजर राहिलात तर पुढचं माझ्या हातात नाही.”

दोन दिवस मी दोन्ही बाजूंनी घाबरले. नोकरी गेली तर, आणि गार्गीचं बोट उठलंच नाही तर. पण पोटावर डोकं ठेवून पंखा बघणारी गार्गी काही डोळ्यांपुढून जाईना. शेतात चाळीस माणसं असतील, मोकळी, कुठलंही काम नसलेली. तिनं काही दाखवलं तर बघायला कुणीतरी असेल. मी जायचं ठरवलं. मी निलोफरला सगळं सांगितलं, आलेखसुद्धा दाखवला. तिनं तिची पट्टी काढून कीबोर्डखाली ठेवली, आणि चार दिवसांनी मला तासभर झाडून काढलं, लग्नाला न आल्याबद्दल. मी ऐकून घेतलं. इतकं छान वाटलं. प्रात्यक्षिकाला मात्र तिला जावं लागणार होतं. तिच्या नोकरीला अजून वर्ष झालं नव्हतं.

येळवशीच्या सकाळी आम्ही औशाच्या रस्त्याला लागलो. ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारी, सगळे एकाच दिशेनं. मोटारसायकलवर मागं बसलेल्या बायकांच्या मांडीवर आंबिलीची बिंदगी, तोंडाला फडकं बांधलेली.

सासूबाई कोपीपाशी उभ्या होत्या. “आलीस का माय. किती वाळलीस.”

“काय करू आई? भाकरी थापू?”

“झाल्या.”

“मग शेंगा...”

“काई करू नको. बस मनले ना.”

पूजा झाली, पंगत बसली. येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, रानात जे जे हिरवं आहे ते सगळं बेसन लावलेल्या ताकात शिजवतात. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि लसणाचा वास मारणारी गार आंबील. चुलत सासरे, जावा, भाचे, गावचे सुतारकाका, सोमेशचे मित्र, सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

गार्गी या मांडीवरून त्या मांडीवर चालली होती. मी तिच्या मागं मागं. कुणाचे हात धुतलेत, कुणाला सर्दी आहे, मनात यादी चालू. सासूबाईंनी माझा पदर धरून खाली बसवलं. “किती हिंडूलालीस तिच्या मागं. चाळीस जनं हायत बगायला. तू निज.”

आणि मी झोपले. कडब्यावर, भर दुपारी, गार्गी दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर असताना. सोळा महिन्यांत पहिल्यांदा.

जाग आली ती निलोफरच्या हसण्यानं. बांधाशी गाडी उभी होती. निलोफर, इम्रान, अब्बू-अम्मी उतरले होते, आणि त्यांच्या मागून गद्रे सर आणि दोन पाहुणे, बुटांतून माती झटकत.

“अगं, अकराला प्रात्यक्षिक सुरू,” निलोफर मला हलवून सांगत होती. “सर पाहुण्यांना म्हणतात, बघा, पूर्ण मोकळी शेतं, एक जरी घुसखोर शिरला तरी कळेल. ड्रोन उडाले. पडद्यावर एक लाल ठिपका. मग दहा. मग पडदाच लाल. साडेसात हजार घुसखोर. भोंगे काही थांबेनात. सर ओरडताहेत, पोलिसांना कळवा. तर तो नागेश उठला, आपला अळीवाला नागेश. म्हणतो, सर, घुसखोर क्रमांक चारशे बारा माझी आई आहे. डोक्यावर आंबील आहे तिच्या.”

“मग?”

“मग काय. सगळे आपापली माणसं शोधायला लागले पडद्यावर. हा माझा मामा, ती माझी आजी, अगं बाई, दादा आला वाटतं मुंबईहून. एकेक जण पट्टी काढतोय आणि गाडीची किल्ली शोधतोय. अर्ध्या तासात हॉल रिकामा. सर पाहुण्यांना घेऊन चहा शोधत शहरभर फिरले. टपरीसुद्धा उघडी नाही. मला दया आली.” मग ती हळूच म्हणाली, “कळलं का पूर्वा, मला दया आली त्यांची.”

गद्रे सर माझ्यासमोर आले. मी उठून उभी राहिले. केसांत कडबा होता.

“तुम्ही सांगितलं होतंत,” ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी त्यांच्या हातात पत्रावळ दिली. “साहेब, आदी जेवा. मग बोला काय बोलायचं ते.”

“नाही, मी फक्त...”

“बसा मनले ना.”

ते बसले. तीन उंडे खाल्ले, भज्जी चार वेळा घेतली. सुतारकाकांनी त्यांना विचारलं, “डोस्कं दुखलालंय का साहेब? पट्टी बांदलीय.” पाहुणे हसले, सर हसले आणि पट्टी काढून खिशात ठेवली. थोड्या वेळानं बघते तर कोपीच्या सावलीत सर घोरत होते.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे राहिलेलं नीट सांगता येईल. माझी नोकरी गेली नाही. रजेच्या यंत्रणेतून ताजेपणाचा आकडा काढून टाकला. रजा आता कारण न विचारता मिळते. माझा आलेख आणि ऑफिसातल्या आणखी चव्वेचाळीस जणांचे आलेख लोहारे मॅडमनी तपासायला घेतले आहेत. पट्ट्या बंद झाल्या नाहीत, पण नव्या पट्टीत ती लय दाबत नाहीत आणि ‘गळती’ हा शब्द काढलाय. केंद्राच्या कॅलेंडरवर येळवस छापलीय. एका निरीक्षकाची शेतं कमी झाली, चुका त्याहून कमी झाल्या, कारण शेजारच्याच्या पडद्याकडे आता कुणीतरी बघतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. चार वाजत आले होते. ऊन कलतं झालं होतं. अब्बू आणि चुलत सासरे कापसाच्या भावावरून वाद घालत होते, बायका शेंगा सोलत होत्या. गार्गी माझ्या पायाशी मातीत बसली होती, मुठीत ढेकूळ. दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ माझ्या डोक्यात होतीच. मी तिला काही दाखवत नव्हते, शिकवत नव्हते. मी आपली अम्मींना लग्नाचं विचारत होते आणि त्या रुसून अर्धंच सांगत होत्या.

पलीकडच्या ज्वारीतून भोरड्यांचा थवा उठला. हजारभर तरी असतील. एकदम वर गेल्या, एकदम वळल्या, आभाळात कुणी चादर झटकावी तशा.

गार्गीच्या हातातून ढेकूळ पडलं. हात वर गेला. आधी अख्खी मूठ. मग तिच्यातून एक बोट सुटं झालं, वाकडं, मातीनं माखलेलं, थरथरणारं. आणि बोट तसंच ठेवून तिनं मान मागं वळवली. भोरड्यांकडे नाही. माझ्याकडे.

मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले. ते तिला चाललं नाही. तिनं भुवया आवळल्या, बोट पुन्हा आभाळात खुपसलं आणि म्हणाली, “अं.”

मग मी वर बघितलं. “हो,” मी म्हणाले. “भोरड्या. केवढ्या भोरड्या.”

तिचं समाधान झालं. माझ्यापुरतं. ती अम्मींकडे वळली, बोट वर. “अं.” अम्मींनी बघितलं. मग निलोफर. मग सुतारकाका. सोमेश हातातलं पाणी सांडत धावत आला तेव्हा ती गद्रे सरांपाशी पोचली होती आणि झोपलेल्या सरांच्या पोटावर थापट्या मारत होती. सर दचकून उठले, काय झालं म्हणाले. तिनं त्यांना बोट दाखवलं आणि ते बघतात की नाही हे नीट तपासलं.

एव्हाना सगळ्यांना कळलं होतं काय चाललंय ते. अब्बूंनी कापसाचा भाव अर्धवट सोडला. सासूबाईंनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. थवा पुन्हा वळून आमच्या डोक्यावर आला, आणि आपली पाळी कधी येते याची वाट न बघता ती चाळीस माणसं माना वर करून उभी राहिली, माझी लेक जिकडं दाखवत होती तिकडं बघत.